एका नाकपुडीची सर्दी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते जनावरांचे डॉक्टर होते. गाईम्हशी, शेळ्यामेंढ्या हे त्यांचं रोजचं काम. पण कुणी दोरीला बांधून कुत्रं आणलं तर त्यालाही ते तितक्याच मनापासून तपासायचे. त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून मी आज कुत्र्याच्या शिंकेवर बोलणार आहे. विषय लहान दिसतो, याची मला कल्पना आहे. पण दवाखान्यात मी जी कुत्री गमावली, त्यातल्या काहींची सुरुवात शिंकेनंच झाली होती. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

दवाखान्यात एक वाक्य मी सतत ऐकतो. "डॉक्टर, तसं काही नाही, जरा सर्दी झालीय त्याला." कधीपासून? "झाला असेल महिना." आणि मग कुत्र्याचं तोंड वर करून पाहावं तर उजवी नाकपुडी कोरडी, स्वच्छ आणि डाव्या नाकपुडीच्या कडेला वाळलेलं रक्त. श्रोतेहो, तुम्हाला कधी एकाच नाकपुडीची सर्दी महिनाभर झाली आहे का? आपल्याला होत नाही, कुत्र्यालाही होत नाही. शिवाय आपल्या नेहमीच्या सर्दीचे विषाणू कुत्र्याला लागतही नाहीत. तरीही सर्दी हे नाव एकदा दिलं की आपलं मन शांत होतं. शांत झालेलं मन दवाखान्याची पायरी चढत नाही. माझं भांडण आहे ते या नावाशी.

शिंक ही तक्रार असते. ती कशाची, हे शोधायचं काम आपलं. कारण ज्याची तक्रार आहे त्याला शब्द नाहीत.

आधी हे नाक समजून घेऊ. कुत्र्याच्या नाकाच्या आत पातळ हाडांच्या पट्ट्या असतात, सुरळीच्या वडीसारख्या स्वतःभोवती गुंडाळलेल्या. त्यांच्यावर ओलसर, रक्तानं भरलेलं नाजूक अस्तर असतं. एवढ्याशा जागेत एवढा मोठा पृष्ठभाग मावतो तो या गुंडाळ्यांमुळे. आत आलेली हवा तिथे गरम होते, ओली होते, गाळली जाते. तिचा काही भाग फुप्फुसाकडे जातो आणि काही भाग मागच्या बाजूच्या, खास वासासाठी राखलेल्या कप्प्यात शिरतो. वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात 20 ते 30 कोटी, असा अंदाज आहे. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत ओढतो. बाहेर सोडताना ती सरळ पुढे सोडत नाही, नाकपुडीच्या कडेला जी चीर असते तिच्यातून बाजूला सोडतो. त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही आणि जमिनीवरची बारीक धूळ मात्र उडून पुन्हा नाकाशी येते.

आता विचार करा. ज्याचं नाक दिवसभर जमिनीपासून चार बोटांवर असतं, जो गटाराच्या कडेला, उकिरड्यावर, विजेच्या खांबाच्या बुडाशी नाक लावून जगाची खबर घेतो, त्याच्या नाकात काय काय जात असेल? त्यानं शिंकायचं नाही तर कुणी शिंकायचं? अस्तराला काही टोचलं, झोंबलं की चेहऱ्याच्या संवेदना नेणारा मज्जातंतू मेंदूच्या बुडाशी निरोप पोचवतो, छाती भरून श्वास घेतला जातो आणि तो सगळा जोर नाकावाटे बाहेर पडतो. कुत्रा शिंकतो तेव्हा त्याचं डोकं खाली आपटल्यासारखं होतं, कधी नाक फरशीला लागतं, ते या जोरामुळे. दिवसात दोन-चार शिंका आल्या, नाकातून पाण्यासारखं काही थोडं आलं आणि गडी जेवतोय, खेळतोय, तर काही करू नका.

पण घरात काय जळतंय आणि काय शिंपडलं जातंय, याकडे जरा बघा. मिरचीच्या फोडणीचा ठसका आपल्याला लागतो तसा ओट्याखाली आशेनं बसलेल्या कुत्र्यालाही लागतो. तो ठसका क्षणाचा. खरी गोष्ट आहे डासांच्या कॉइलची. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की एक कॉइल जळताना जे सूक्ष्म कण हवेत सोडते, ते 75 ते 137 सिगरेटींच्या धुराइतके भरतात. ही कॉइल आपण ठेवतो कुठे? जमिनीवर, खाटेखाली, कोपऱ्यात. आणि कुत्रा झोपतो कुठे? तिथेच. फिनेलनं पुसलेली फरशी, धूप, अगरबत्ती, गाडीत लटकवलेला सुगंधाचा डबा, दिवाळीच्या चार दिवसांतला फटाक्यांचा धूर, हे सगळं त्या नाकाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त झोंबतं. सिगरेटीचंही तेच. अमेरिकेत 1998 साली झालेल्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांच्या घरातल्या लांब नाकाच्या कुत्र्यांमध्ये नाकाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. लांब नाक धूर चांगला गाळतं आणि त्याची किंमत स्वतः मोजतं. घरात कुत्रा असेल तर सिगरेट बाहेर जाऊन ओढा, असं मी म्हणत नाही. सोडून द्या, असंच म्हणतो.

आता दुसरी एक शिंक आहे, ती आनंदाची. दोन कुत्री खेळत असतात, एकमेकांच्या मानेला लटकी लटकी धरत असतात आणि मध्येच एखादं फटाफट शिंकतं. तुम्ही कामावरून घरी आलात की उड्या मारता मारता तुमचा कुत्रा शिंकतो. अनुभवी पाळणाऱ्यांना हे ठाऊक असतं. ही शिंक म्हणजे 'हा खेळ आहे, मनावर घेऊ नकोस' असं समोरच्याला सांगणं, असं प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक मानतात. तिला औषध लागत नाही.

शिंकेतून बोलण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण पाळीव कुत्र्याचं नाहीच. ते आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशातल्या ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातलं आहे. तिथे ठिपक्याठिपक्यांचे आफ्रिकी रानकुत्रे राहतात. आपल्या ताडोबातल्या कोळसुंद्यापेक्षा ती निराळी जात. विसावा झाला की हे कळप उठून एकमेकांभोवती घुटमळतात आणि मग कधी शिकारीला निघतात, कधी पुन्हा आडवे होतात. निघायचं की नाही हे ठरतं कसं? 2017 साली संशोधकांनी त्यांच्या निरीक्षणांतून मांडलं की जितक्या शिंका जास्त, तितका कळप निघण्याचा संभव जास्त. कळपातल्या मुख्य नर-मादीपैकी कुणी पुढाकार घेतला असेल तर तीनेक शिंका पुरत होत्या, एखाद्या साध्या सदस्यानं घेतला असेल तर दहाच्या आसपास लागत होत्या. आपल्याकडे कुणी बाहेर पडताना शिंकलं की आजी म्हणते, "थांब, पाणी पिऊन जा." तिथे शिंक म्हणजे चला. मी हे तुम्हाला एवढ्यासाठी सांगतो की या कुळातल्या प्राण्यांची शिंक निरर्थक असतेच असं धरून चालू नका.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात माणसं रात्री दोन वाजता फोन करतात. कुत्रा एकाएकी चारही पाय रोवून उभा राहतो, मान पुढे ताणतो, डोळे विस्फारतो आणि घुर्र घुर्र आवाज करत हवा जोरजोरात आत खेचू लागतो. पाहणाऱ्याला वाटतं, श्वास कोंडला, आता गेला. श्रोतेहो, ही उलटी शिंक. साध्या शिंकेत हवा नाकातून बाहेर फेकली जाते, हिच्यात आत ओढली जाते. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या जागेत काही खवखवलं की हा झटका येतो. बहुतेकदा मिनिटभरात संपतो आणि कुत्रा काही झालंच नाही असा निघून जातो. गळ्यावरून हळुवार हात फिरवा, क्षणभर नाकपुड्यांवर बोट धरा, त्यानं एकदा आवंढा गिळला की झटका बहुधा थांबतो. मुख्य म्हणजे तुम्ही घाबरू नका, तुमची भीती त्याला कळते. झटके रोजचे झाले, लांबू लागले किंवा जीभ निळसर दिसली, तर मात्र लगेच निघा. आणि एक काम करा, खिशातला मोबाइल काढून त्या झटक्याचं चित्रण करून आणा. दवाखान्यात आल्यावर कुत्रा झटका दाखवत नाही. वीस सेकंदांच्या चित्रफितीनं माझं अर्ध्या तासाचं काम होतं.

लहान चणीच्या आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत 2003 साली एक पग आला आणि घराघरांतून त्याची मागणी सुरू झाली. दिसायला गोजिरवाणा आहे, प्रेमळही आहे. पण नाक दाबून दाबून चपटं केलं तरी आतलं मांस तेवढंच राहतं. ते त्या इवल्या जागेत कोंबलं जातं. नाकपुड्या म्हणजे नुसत्या रेघा. त्याच्या घोरण्याला, फुरफुरण्याला आपण हसतो. ते हसण्यासारखं नाही. त्याला श्वासासाठी कष्ट पडत असतात. नवं पिल्लू घ्यायचं मनात असेल तर हे आधी आठवा.

इथपर्यंतच्या शिंका निभावून नेण्याजोग्या. आता ज्यांच्याकडे पाठ फिरवू नये, अशांकडे येतो.

पहिली शिंक अचानक सुरू होणारी. पावसाळा सरला, आश्विन-कार्तिक आला की आपल्या टेकड्यांवरचं कुसळी गवत वाळतं. पुण्याच्या वेताळ टेकडीवर जा, साताऱ्याच्या यवतेश्वराच्या उतारावर जा, पायजमाभर कुसळं घेऊन याल. ते कुसळ एकदा बोटांत धरून नीट बघा. बियाचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेली बारीक राठ लव आणि मागे लांब पिळदार शेपूट. ते शेपूट कोरडं असताना पीळ घेतं आणि ओल लागली की पीळ सोडतं, फिरतं. निसर्गानं ही युक्ती बी जमिनीत रुतावं म्हणून केली. पण तेच कुसळ कुत्र्याच्या ओल्या नाकात गेलं तर? ते तिथेही फिरतं आणि मागे वळलेल्या लवेमुळे त्याला पुढचीच वाट असते, मागची नाही.

कुत्रा गवतातून धावत येतो आणि शिंकू लागतो. एक, दोन नाही, लागोपाठ वीस-पंचवीस. पंजानं नाक खरवडतो, तोंड जमिनीवर घासतो, त्याच बाजूचा डोळा पाणावतो, एखादा रक्ताचा थेंब पडतो. घरचे घाबरतात. आणि संध्याकाळपर्यंत शिंका थांबतात. सगळ्यांना हायसं वाटतं. फसवणूक होते ती इथेच! कुसळ बाहेर पडलेलं नसतं, ते आत सरकून गुंडाळ्यांत बसलेलं असतं. आठ-दहा दिवसांनी त्या एका नाकपुडीतून घाण वासाचा पू यायला लागतो. तेव्हा "सर्दी झालीय" हे वाक्य तयार असतं. पहिल्या दिवशी आणलं असतं तर भूल देऊन, दुर्बिणीनं पाहून, चिमट्यात धरून ते काढता आलं असतं. घरी मात्र चिमटा घालू नका, कृपा करा. कुत्र्याचं नाक आणि मेंदू यांच्यामध्ये एक पातळ सच्छिद्र हाड आहे, एवढंच.

दुसरी शिंक दाताची. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. कुत्र्याचा वरचा सुळा आपल्याला दिसतो त्याहून त्याचं मूळ कितीतरी लांब असतं आणि ते नाकाच्या पोकळीला अगदी लागून जातं. मध्ये हाडाचा पातळ पडदा. म्हातारा कुत्रा, आयुष्यभर दूध-पोळी आणि बिस्किटं खाल्लेला, दातांवर पिवळ्या किटणाचे थर, हिरड्या सुजलेल्या. मुळाशी पू होतो, हळूहळू तो पडदा खातो आणि तोंडातून नाकात भोक पडतं. मग जेवताना, पाणी पिताना शिंक येते. नाकातून कधी पाण्याबरोबर अन्नाचा कणही येतो. याला प्रतिजैविकं देत राहिलात तर तेवढ्यापुरतं बरं वाटेल आणि पुन्हा सुरू होईल. दात काढून ते भोक शिवलं की थांबेल. लांबट तोंडाच्या डॅक्सहुंडमध्ये मी हे विशेष पाहतो. घरचा कुत्रा पाच-सहा वर्षांचा झाला की वर्षातून एकदा त्याचे दात दाखवा.

तिसरी गोष्ट रक्ताची. शिंकेबरोबर रक्त आलं की माणसाचं लक्ष नाकाकडे जातं. माझं आधी कानामागे, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेखाली जातं. मी गोचीड शोधतो. आपल्याकडच्या तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो, ताप येतो, भूक जाते आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका घटतात. मग नाकातून रक्त वाहतं, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उठतात. नाकात काहीच बिघडलेलं नसतं, बिघाड रक्तात असतो. रक्ताच्या तपासणीत हे कळतं आणि वेळेवर कळलं तर साधारण 28 दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी बहुतेक कुत्री सावरतात. उशीर झाला, हाडांतला मगजच रक्त बनवेनासा झाला, तर माझ्या हाती फारसं उरत नाही. गोचीड दिसली की चिमटीनं ओढून रॉकेलच्या वाटीत टाकणं पुरेसं नाही. अंगणातल्या भिंतीच्या भेगांत तिची पुढची पिढी बसलेली असते. कुत्रा आणि जागा, दोन्हींवर उपचार हवेत.

पिल्लांची शिंक मी वेगळी धरतो. दोन-चार महिन्यांचं पिल्लू, लस न दिलेलं, शिंकतंय, दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट पिवळा शेंबूड, डोळ्यांना चिपडं, अंग गरम, खात नाही. हा डिस्टेंपर असू शकतो. गोवराच्या कुळातला विषाणू. तो नाकाडोळ्यांपासून सुरू होतो, पोटात उतरतो, पायांचे तळवे राठ करतो आणि शेवटी मेंदूत जाऊन झटके आणतो. त्याला मारणारं औषध आपल्याकडे नाही. लस आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत आणि मग वर्षानं. एक डोस दिला आणि झालं, असं नाही.

हा रोग कुत्र्यापुरता राहत नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीत 1994 साली या विषाणूनं तिथल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजाराच्या आसपास सिंह मेले. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या कुत्र्यांत तो आधीपासून फिरत होता. आणि आपल्या शेजारी, गीरच्या दलखाणिया भागात, 2018च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले, त्यातल्या काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला. ती तपासणी आपल्या पुण्यात, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाली. जगात आशियाई सिंह मोकळे उरले आहेत ते एका गीरच्या टापूत. कुत्र्याच्या लशीचा हिशेब करताना हेही ध्यानात असू द्या.

म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल थोडक्यात. आठ-दहा वर्षांपुढचा, लांब नाकाचा, जर्मन शेफर्ड असो की सांगली-सोलापूरकडचा कारवान, त्याच्या एकाच नाकपुडीतून आठवड्यामागून आठवडे रक्त येत असेल, नाकाच्या दांड्यावर उंचवटा दिसत असेल, तर नाकातली गाठ मनात आणा. गोळ्यांनी आधी जरा उतार पडतो, तो खरा मानू नका. नाकपुडीची काळी कड पांढुरकी होऊन तिथे व्रण पडला असेल तर बुरशी असू शकते. तिला निराळे उपचार आहेत. या दोन्हींत सीटी स्कॅन आणि आतला तुकडा काढून केलेली तपासणी यांनीच निदान होतं. खर्च आहे, पण निदान लवकर झालं तर पुढचे दिवस कमी वेदनेचे करता येतात.

आणि आता ज्या शिंकेसाठी मी हा विषय निवडला, तिच्याकडे येतो.

चहाच्या टपरीपाशी एक कुत्रा असायचा. तांबडा, कान फाटलेला, साध्या गावठी जातीचा. टपरीवाला त्याला सकाळी पावाचा तुकडा द्यायचा. तो शिंकायला लागला. प्रत्येक शिंकेबरोबर मागच्या पांढऱ्या भिंतीवर रक्ताचे बारीक शिंतोडे उडायचे. गिऱ्हाइकं उठून जाऊ लागली. कुणी म्हणालं पिसाळलाय, कुणी म्हणालं कुणीतरी डोक्यात दगड घातला असेल. टपरीवाल्यानं त्याला पोत्यावर बसवून रिक्षातून माझ्याकडे आणलं. डावी नाकपुडी रक्तानं भरलेली, त्या बाजूचा गाल किंचित फुगलेला. नाकातून घेतलेला नमुना काचेवर पसरून रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोल गोल पेशी, आत स्वच्छ पोकळ फुगे. टीव्हीटी.

हा कर्करोग आहे, पण संसर्गानं पसरणारा. रोगट पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात आणि तिथे रुजतात. बहुधा समागमातून, म्हणून गाठ बहुतेकदा जननेंद्रियावर. मिस्तिस्लाव्ह नोविन्स्की या रशियन पशुवैद्यानं 1876 साली अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. आजच्या जनुकीय अभ्यासातून तर असं दिसतं की जगभरच्या कुत्र्यांमधल्या या गाठी काही हजार वर्षांपूर्वी आशियात जगलेल्या एकाच कुत्र्याच्या पेशींच्या वारस आहेत. तो कुत्रा केव्हाच मेला. त्याची गाठ आजही जिवंत आहे, आपल्या गल्लीत फिरते आहे.

नाकात ती कशी येते? कुत्री हुंगून, चाटून ओळख करून घेतात. केंब्रिजच्या संशोधकांनी 2022 साली दाखवलं की नाक-तोंडातली ही गाठ नरांमध्ये माद्यांपेक्षा चार-पाच पट जास्त आढळते, कारण हुंगणं-चाटणं नरांचं जास्त. म्हणजे जननेंद्रियावर काहीच नाही, फक्त शिंक आणि एका नाकपुडीतून रक्त, असा कुत्रा दिसला तर आपल्या देशात ही शक्यता आधी पाहायला हवी. आणि हे मी जोर देऊन सांगतो, कारण या कर्करोगाला औषध आहे. व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन, शिरेतून, आठवड्यातून एक, बहुतेकांना चार ते सहा. शिरेबाहेर थेंब सांडला तर मांस जळतं, रक्ताची मोजणी करत राहावी लागते, म्हणून ते जाणकारानंच द्यायचं. पण बहुसंख्य कुत्री पूर्ण बरी होतात. कर्करोग आणि पूर्ण बरा, हे शब्द एका वाक्यात म्हणण्याची संधी मला फार थोड्या वेळा मिळते.

टपरीवाला दर आठवड्याला त्याच पोत्यावर बसवून त्याला आणत राहिला. तिसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त थांबलं. पुढे गालाची सूज उतरली. भिंतीला चुना लावला गेला. विठ्ठलाची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या टपरीवाल्याला मी त्या दिवसांत त्याच ओळीत बसवलं.

श्रोतेहो, काय करू नये तेही सांगतो, कारण नुकसान पुष्कळदा प्रेमापोटी होतं. माणसाच्या बंद नाकात घालायचे थेंब कुत्र्याच्या नाकात घालू नका, त्यानं हृदयाची गती घसरून कुत्रा कोसळू शकतो. कापराचा बाम चोळू नका, तो चाटतो आणि कापूर त्याला विष आहे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका, यकृत आणि मूत्रपिंडं जातात. उघड्या जखमेवर माशी बसून अळ्या झाल्या असतील, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नाकातही त्या होतात, तर पेट्रोल ओतू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, अनोळखी कुत्रा लाळ गाळतोय, जबडा लोंबतोय, घशात हाड अडकल्यासारखा दिसतोय, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. रेबीज असाही दिसतो. हात घालणाऱ्याच्या मनात दया असते, पण विषाणूला दया कळत नाही.

दवाखान्यात येताना एवढं मनाशी पक्कं करून या: शिंक कधी सुरू झाली, एकाएकी की हळूहळू? एक नाकपुडी की दोन्ही? पाणी, पू की रक्त? जेवण कसं आहे? लशी कधी झाल्या? या उत्तरांवर माझं निम्मं निदान होतं.

शेवटी एक मागणी, आणि ती मी या व्यासपीठावरून जाहीरपणे करतो. 2023च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नगरपालिका आणि महानगरपालिका रस्त्यावरची कुत्री पकडतात, त्यांचं निर्बीजीकरण करतात, रेबीजची लस देतात आणि जिथून आणली तिथे सोडतात. हे काम चांगलं आहे, ते वाढलं पाहिजे, आणि निर्बीजीकरणानं टीव्हीटीचा प्रसारही कमी होतो. पण कुत्रा भुलीत टेबलावर आलाच आहे, तर त्याची नाकपुडी आणि जननेंद्रिय तपासायला एक मिनिट लागतं. गाठ आढळली तर त्याला इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत ठेवून घेण्याची तरतूद करावी आणि लस देतानाच डिस्टेंपरचीही द्यावी, एवढं लेखी निवेदन आपण या सभेच्या वतीनं आपल्या नगरपालिकेला देऊ या. निवेदनाचा कागद बाहेर टेबलावर ठेवला आहे. जाताना सही करून जा.